म्हशीवर ढकललेले दोन दात

अव्वा, तुझी डाव्या कानातली बुगडी तुझ्या नातीच्या तोंडात बसवली आहे. सांगलीच्या दाताच्या डॉक्टरनं ती वितळवून घेतली, त्यात आणखी काय काय मिसळून कडक केली, आणि पोरीच्या वरच्या चार दातांच्या मागं पत्र्यासारखी चिकटवली. पुढून दिसत नाही. पुढून पांढरं आहे, बाकीच्या दातांत मिसळून गेलं आहे. तू गेलीस तेव्हा ही पोर माझ्या पोटात होती, सातवा चालू होता. आता ती एकोणीस वर्षांची आहे. तिचे स्वतःचे दात कसे होते ते तू पाहिलं नाहीस. लय चांगले होते. आपण मायलेकींनी मिसरी लावून लावून आपले काळे केले, सासरी तर सगळ्या बायकांचे तसलेच. हिनं कधी मिसरीला हात लावला नाही. हसली की घरात कुणीतरी आलंय असं वाटायचं. त्यातले पुढचे दोन आता नाहीत. ते मी पाडले. फुकणीनं.

लिहून टाकलं एकदा. गेले पाच महिने हे कुणापुढं बोलले नाही.

जूनमधली गोष्ट. सकाळ आहे, मी चुलीपुढं बसले आहे, ओलं जळण धूर सोडतंय, एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातात फुकणी धरून जाळ करायचा असं चाललं आहे. पोर कागद घेऊन आली. मास्तरीण व्हायचं शिक्षण असतं ना, डी.एड., त्याच्या मुलाखतीला बोलावलं होतं. सोमवारी, साताऱ्याला. आणि त्याच सोमवारी मलकापूरची माणसं तिला बघायला येणार होती. मुलगा मिलिटरीत, घरचा ऊस, सासू नाही, एक आत्या काय ती मोठी. आणखी काय पाहिजे माणसाला, असं माझं मत. मी म्हटलं, "सोमवारी तू कुठं बी जानार न्हाईस." ती म्हणाली, "मी जानार." मी म्हटलं, "कोन म्हनतंय?" तर म्हणाली, "मी म्हनतीया. तू तिसरीत शाळा सोडलीस म्हनून मी बी सोडायची व्हय?"

अव्वा, मी शाळा सोडली नव्हती. तू मला काढलं होतंस. मेंढरांमागं कुणी जायला नव्हतं म्हणून तू मास्तरांपुढून मला दंडाला धरून ओढत आणलंस. मी वाटेत बोंबलत होते आणि तू बाभळीची ओली फांदी तोडून माझ्या पिंढऱ्यांवर मारत होतीस. तीस-पस्तीस वर्षं मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि हिनं एका वाक्यात ते माझ्यावर घातलं. माझा हात उठला. हातात फुकणी होती. एवढंच.

एक दात मुळासकट काठवटीत पडला, पिठात. दुसरा मधून तुटला. रक्त किती येतं गं तोंडातून. ती ओरडली नाही. ओंजळ तोंडाखाली धरून नुसती माझ्याकडं बघत राहिली. सोप्यातून सासूनं विचारलं, "काय पडलं गं?" माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "म्हशीनं मारलं, आत्याबाई. धार काढाय बसली व्हती." सासू म्हणाली, "कवा? म्हस तर मघाधरनं भायेर बांधलीया." मी म्हटलं, "आवं तवाच, म्हनते न्हवं." पोरीनं ऐकलं. तिच्या तोंडात फडका होता, पण मान तरी हलवता आली असती. तिनं नाही म्हटलं नाही. ती गोष्ट तिनं तशीच राहू दिली. का, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्यासाठी का स्वतःच्या लाजेपायी?

आणि पुढचं ऐक, कारण त्यात तुझाही हात आहे. माझं डोकं चालत नव्हतं, पण हात चालत होते. काठवटीतला दात मी उचलला, पीठ झटकलं, गोठ्यात गेले, शेणाचा गोळा केला, त्यात दात घातला आणि कौलावर भिरकावला. तू शिकवलं होतंस तसं. पडलेला दात कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचा नाही, शेणात घालून छपरावर टाकायचा, म्हणजे नवा येतो. माझे दुधाचे दात तू असेच टाकलेस, हिचे मी टाकले. एकोणीस वर्षांच्या पोरीला नवा दात कुठला यायला? पण त्या वेळी मला खरंच वाटलं की मी काहीतरी बरोबर करते आहे. गोळा कौलावर धप्प करून बसला आणि मी परत चुलीपुढं येऊन उरलेल्या भाकरी भाजल्या.

कराडच्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या. तोंड एवढं सुजलं की सोमवारी तिला मान वर करता येत नव्हती. साताऱ्याची एसटी आली आणि गेली. मलकापूरला निरोप पाठवला, पोरीला ताप आलाय, दिवाळीनंतर बघू. सूज उतरल्यावर मी तिला सांगलीला घेऊन गेले. तिथला दाताचा डॉक्टर वयानं बेताचा, बोलायला मऊ. त्यानं आत बघितलं, तुटलेल्या दाताचं मूळ काढावं लागेल म्हणाला, आणि मग मला विचारलं, "पूर्ण पडला तो दात कुठंय?"

मी म्हटलं, "कौलावर."

"कुठे?"

"घराच्या कौलावर. टाकला."

त्यानं हातातला आरसा ताटलीत ठेवला. मग म्हणाला, "बाई, तो दात दुधात घालून तासाभरात कराडला नाहीतर इथं आणला असता, तर जागेवर परत बसवून बघता आला असता. दर वेळी धरत नाही. पण धरतो कधी कधी."

ती खुर्चीत तोंड उघडं ठेवून पडली होती. तिनं डोळे माझ्याकडं वळवले आणि परत वर दिव्याकडं नेले. अव्वा, घरात दूध होतं. पातेलंभर दूध चुलीच्या बाजूलाच होतं. मी ते दूध ओलांडून शेणाला गेले. मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. डॉक्टरनं पुढं विचारलं, कसं लागलं. ती म्हणाली, "म्हस." डॉक्टर म्हणाला, "शिंग इतकं सरळ लागत नाही सहसा." तेव्हापासून माझ्याशी बोलताना तो माझ्या हातांकडं बघायचा.

हिरडी भरून यायला तीन महिने थांबावं लागलं. तीन महिने पोर पदर तोंडावर धरून फिरली. आणि त्या तीन महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडली नाही, रुसली नाही, कामं सगळी केली. फक्त माझ्याशी बोलायचं बंद केलं. काही सांगायचं असेल तर आजीला सांगायची, मी तिथंच उभी असताना. "आजे, मीठ संपलंय म्हनावं." सासूला मजा वाटायची. म्हणायची, "म्हनावं कुनाला? ती काय भैरी हाय व्हय?" पण पोर तेवढंच बोलून निघून जायची. आणि त्याच दिवसांत म्हस गेली. नोकरीपायी लांब असलेल्या नवऱ्याला मी म्हशीचीच गोष्ट कळवली होती, त्यांचं पत्र आलं, मारकी म्हस घरात ठेवू नका, बाजारात नेऊन टाका. सासू तर पहिल्यापासून पाठीमागं लागली होती. त्या म्हशीनं जन्मात कुणाला शिंग लावलं नव्हतं, लहान लेकरू पायात बसलं तरी पाय उचलायची नाही. पोरीनं तिला पारडी असल्यापासून वाढवलं होतं. विकत घेणारा माणूस दोर धरून घेऊन निघाला तेव्हा ही दारात उभी होती. मला वाटलं आता बोलेल. आता सगळ्यांपुढं सांगेल. दावं सोडलेली खुंटी बघत उभी राहिली आणि आत गेली.

मी तुझीच रीत करून बघितली. शाळेतून ओढून आणलंस त्या दिवशी तू माझ्याशी काही बोलली नाहीस, पण दिवस मावळायला भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा ठेवलास. एरवी लोणी फक्त भावांना. मी तो गोळा खाल्ला आणि तिथं ते मिटलं. तू चुकलं म्हणाली नाहीस, मी विचारलं नाही. मला वाटायचं, आया अशाच करतात. म्हणून मीही हिच्या ताटात लोण्याचा गोळा ठेवला. तिनं बोटानं तो ताटाच्या कडेला सारला आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेवया केल्या. त्या तिनं खाल्ल्या, पण खाऊन झाल्यावर आजीला म्हणाली, "शेवया कशाला म्हनावं, सण न्हाई वार न्हाई." ती शिकलेली आहे. तिला लोणी नको आहे, तिला शब्द पाहिजे. आणि तो शब्द आपल्या घरात कधी कुणी कुणाला म्हटलेला मी ऐकलेला नाही. कसा म्हणतात तेच मला माहीत नाही.

दसरा झाल्यावर परत सांगली. डॉक्टर म्हणाला, काढघालीचे दात करून देतो, टाळूला पट्टी लागेल, झोपताना काढून पाण्यात ठेवायचे. मी म्हटलं नको. सासरी गेल्यावर वाटीत दात काढून ठेवणार आणि ते एखादी जाऊ उचलून बघणार, चालायचं नाही. कायमचे बसवा. तो म्हणाला, "मग पूल करावा लागेल." मी म्हटलं, "कसला पूल?" त्यानं कागदावर काढून दाखवलं. मधले दोन खोटे, आणि दोन्ही बाजूचे खरे दात त्यांचे खांब. त्या दोन खऱ्या दातांना चहूकडून कापून बारीक करायचं, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या, टोप्यांना मधले जोडायचे. मी विचारलं, "पन त्या शेजारच्या दातांना काय झालंय?"

"काही नाही."

"मग कापायचं कशापायी?"

"चांगले आहेत म्हणूनच. किडका दात भार घेत नाही," तो म्हणाला. "पण नीट विचार करा. पोरीचं वय लहान आहे. एकदा कापलेला दात परत वाढत नाही."

मी भडकले. दोन मी पाडले आणि वर आणखी दोन चांगले कापायचे. मी म्हणायला लागले की राहू द्या, दुसरं काहीतरी करा. तेवढ्यात पोर डॉक्टरला म्हणाली, "कापा." तीन महिन्यांत माझ्यासमोर ती पहिल्यांदा कुणा परक्याशी एवढ्या मोठ्यानं बोलली. आणि बोलली ते हे.

कापताना मी बाहेरच्या बाकावर बसले. सुई देऊन बधिर केलं होतं, दुखत नसेल, पण ते दोरीवर फिरणारं यंत्र असा आवाज करतं की माझ्या स्वतःच्या दाढा शिवशिवल्या. जळक्या शिंगासारखा वास दाराखालून येत होता. नंतर गरम पाण्यात मऊ केलेला लाखेसारखा तुकडा दाबून तोंडाचा साचा घेतला, तो मुंबईला जायचा होता. रंग ठरवायला डॉक्टरनं दातांची एक रांगच बाहेर काढली, खोट्या दातांची, आणि एकेक तिच्या ओठाजवळ धरून बघायला लागला. मी म्हटलं, सगळ्यात पांढरा लावा. तो म्हणाला, "बाकीच्यांशी जुळायला नको का?" मी त्याला जुळणाराच निवडू दिला. त्यानंच म्हटलं मागून सोनं लागेल, घरचं असलं तर आणा. मग मी तुझी बुगडी काढली. जोडीतली उजवी ठेवली आहे.

त्या येण्या-जाण्यात आम्ही दोघी एसटीत शेजारी शेजारी बसायचो. सांगली ते कराड. एवढा वेळ मिळूनही मी काय केलं, तर एकदा स्टँडवर उतरून पेरू घेतला. दात कापलेल्या पोरीला पेरू. हातात देताना माझ्या लक्षात आलं. तिनं तो घेतला, मांडीवर ठेवला, आणि शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला. म्हातारीलाही दात नव्हते. म्हातारी म्हणाली, "मला कशाला गं बाय, मी काय करू याचं?" आणि पोर हसली. पदर न धरता, सगळी पोकळी दिसत असताना हसली. मी बाहेर बघितलं. त्या दिवशी एसटीतच बोलायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग कुणीतरी घंटी मारली, माणसं चढली, आणि मी म्हटलं, सरकून बस.

दिवाळीनंतर पूल पक्का बसवला आणि आठ दिवसांनी मलकापूरची माणसं आली. मुलाची आत्या पुढं, तिच्या तोंडाला विश्रांती नाही. पोर पाटावर बसली. आत्या म्हणाली, "हास की गं जरा. आमी काय खातो व्हय तुला?" मग जवळ वाकून म्हणाली, "दात लय झ्याक हायती. मिसरी न्हाई लावत वाटतं. आमच्या घरी समद्या जनींची तोंडं म्हंजी चुलीची भोकं." सगळे हसले. आणि पोर सरळ म्हणाली, "ह्यातलं दोन माझं न्हाईत. बसवल्यात."

वाकलेली आत्या मागं सरकून बसली. मी आतल्या दारात पोह्यांच्या ताटल्या धरून उभी होते. आत्यानं विचारलं, "मग तुझं कुठं गेलं?"

पोर म्हणाली, "आईला इचारा."

आणि तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. अव्वा, त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती वाट बघत होती. पाच महिने ती एकाच गोष्टीसाठी गप्प बसली होती, की मी स्वतः सांगावं. आणि इतक्या माणसांपुढं तिनं मला जागा करून दिली होती. मी म्हटलं, "म्हशीनं. मारकी व्हती. इकली."

आत्या म्हणाली, "आगं बाई, आमची बी एक तसलीच व्हती," आणि म्हशींच्या गोष्टी सुरू झाल्या. पोरीनं खरं सांगितलं, लपवलं नाही, हेच त्यांना आवडलं म्हणे. ठरलं सगळं. माणसं गेल्यावर मी ताटल्या गोळा करत होते, तेव्हा पोर माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि बोलली. माझ्याशी. "आता येवढंच कर. लगीन लवकर लावून दे. मला हितनं जायाचं हाय." आवाज चढलेला नव्हता. जसं आजीला मीठ संपलंय सांगते तसं सांगितलं.

येत्या शुक्रवारी साखरपुडा आहे. बुधवारी तिचे वडील रजेवर येतील. ते मनानं वाईट नाहीत. पोरीला मास्तरीण करू असं त्यांनीच दोनदा पत्रातून लिहिलं होतं, ती पत्रं मी सासूला अर्धीच वाचून दाखवली. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरता येतो हेही मला माहीत आहे. मी बुधवारी त्यांना एवढं सांगितलं की म्हशीनं नाही, मी मारलं, आणि पोर लग्नाला तयार झालीय ती नवऱ्यासाठी नाही, माझ्यापासून सुटायला, तर ते शुक्रवार थांबवतील. मग ते मला काय म्हणतील ते म्हणोत, सासू काय म्हणेल ते म्हणो. लोक म्हणतील आईनं पोरीचं तोंड फोडलं. फोडलंच आहे. पण मी दर वेळी तोंड उघडते आणि म्हस निघते. दोन दिवस उरलेत आणि हातातलं काम हातात राहतंय. सकाळी चूल पेटवली आणि पीठ न मळताच बसून राहिले, जळण जळून गेलं. हिला मी अशी जाऊ दिली तर ती परत येणार नाही. बाळंतपणाला सुद्धा येणार नाही. मी ओळखते तिला.

आणि तुझ्यापुढं खोटं बोलून काय मिळणार, म्हणून हेही. फुकणी लागली आणि ती खाली वाकली, त्या क्षणाला माझ्या मनात पहिलं काय आलं, तर सोमवार गेला. साताऱ्याला काही जात नाही आता ही. मला बरं वाटलं, अव्वा. निमिषभरच, पण वाटलं. मग रक्त दिसलं. मला ओढून आणताना तुलाही तसं वाटलं होतं का, ते मला आता कुणाला विचारता येणार?

हे मी हिच्याच शाळेच्या जुन्या वहीत लिहिलं आहे, मागच्या कोऱ्या पानांवर. खरं म्हणजे मी तुला लिहायला बसले नव्हते. तिला लिहायला बसले होते. तोंडानं होत नाही तर कागदावर तरी, म्हणून. तिचं नाव लिहिलं आणि पुढं हात सरकेना, तीन पानं फाडली. मग तुझ्या नावानं सुरू केलं आणि भराभर आलं सगळं, कारण तुला जिवंतपणीही एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिला येतं.